कागदाचा पीळ

खुर्चीची जुनी वीण कापून काढण्यात अख्खी दुपार गेली. वरून काळपट, तेलकट झालेली दोरी, पण सुरीने चिरली की आतून नव्या पुठ्ठ्यासारखी तपकिरी. दोन थरांच्या मधे कुणीतरी पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून सारले होते, बैठक भरीव लागावी म्हणून. तेही ओढून काढले. चौकट उघडी पडली तेव्हा आडव्या दांडीच्या आतल्या बाजूला एक पुसट शिक्का दिसला. एफडीबी.

डेन्मार्कमध्ये ऑरहुसला आमच्या घराजवळ जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. लोक नको असलेलं सामान तिथे देऊन जातात आणि विक्रीचे पैसे कुठल्यातरी चांगल्या कामाला जातात. तिथे कोपऱ्यात एकावर एक उलट्या ठेवलेल्या या चार खुर्च्या मिळाल्या. दोघींची वीण फाटून लोंबत होती, बाकीच्या दोघींची बसली की खाली दबत होती. आम्हाला जेवणाच्या टेबलाला खुर्च्या हव्या होत्या, एवढंच. त्यांचं नाव काय, कुणी केल्या, कधी केल्या, यातलं काही मला माहीत नव्हतं. उचलून पाहिली तर हलकी लागली, पाठीवर हात फिरवला तर कुठेही कोपरा टोचला नाही, म्हणून घेतल्या.

या खुर्चीचं कागदोपत्री नाव जे-३९. डेन्मार्कमधली माणसं तिला 'फोल्केस्टोलेन' म्हणतात, म्हणजे जनतेची खुर्ची. बोअर मोएन्सन या डिझायनरने १९४७ साली ती केली, आणि केली एका सहकारी संस्थेसाठी. एफडीबी म्हणजे डेन्मार्कमधल्या ग्राहक सहकारी दुकानांची मध्यवर्ती संघटना. पहिलं सहकारी दुकान १८६६ मध्ये थिस्टेड गावात निघालं, हान्स क्रिस्टियन सोने नावाच्या पाद्र्याच्या पुढाकाराने, कामगारांना रोजचा किराणा चोख आणि रास्त भावात मिळावा म्हणून. गावोगावी अशी दुकानं वाढत गेली आणि १८९६ मध्ये त्यांची ही संघटना उभी राहिली.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला सहकार समजावून सांगावा लागत नाही. आमच्या अण्णांकडे साखर कारखान्याच्या शेअरचा कागद अजून ट्रंकेत जपून ठेवलेला आहे आणि दिवाळीला सभासदाची साखर आणायला ते अजूनही स्वतः जातात. पण सहकारी संस्थेने जेवणाची खुर्ची करावी, आणि ती करायला देशातला एक उत्तम तरुण डिझायनर नोकरीवर ठेवावा, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते वाचलं त्या रात्री मी उठून जाऊन त्या उघड्या चौकटीकडे पुन्हा एकदा पाहून आले.

साल १९४२. देशावर जर्मन सैन्याचा कब्जा. कोळसा नाही, कापड नाही, परदेशातून लाकूड येत नाही. लग्न करून शहरात दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या जोडप्यांना दुकानात मिळायचं ते जाडजूड, नक्षीदार, श्रीमंतांच्या दिवाणखान्याची नक्कल केलेलं फर्निचर, तेही अख्ख्या संचात. एकदा मांडलं की घरात चालायला जागा उरायची नाही आणि हप्ते वर्षानुवर्षं फिटायचे नाहीत. एफडीबीचे प्रमुख फ्रेडरिक निल्सन आणि त्यांचे सल्लागार वास्तुविशारद स्टीन आयलर रासमुसेन यांनी ठरवलं की साखर-कॉफीसारखंच फर्निचरही सभासदाला चोख मिळालं पाहिजे. त्यांनी मोएन्सनला आपल्या फर्निचर विभागाचा प्रमुख केलं. त्याचं वय तेव्हा अवघं अठ्ठावीस.

मोएन्सन जन्माने ऑलबोर्गचा, १९१४ चा. आधी सुतारकाम शिकला, मग कोपनहेगनला कोअर क्लिंट या गुरूच्या हाताखाली गेला. क्लिंटची शिकवण ऐकायला सोपी आणि करायला फार कठीण. आधी माप घ्या. माणूस बसतो तेव्हा गुडघा जमिनीपासून किती उंच असतो, कोपर कुठे येतं, ताटाचा व्यास किती, घडी घातलेला शर्ट किती जागा घेतो. या शाळेत कपाटाचं चित्र काढण्याआधी कपाटात काय काय ठेवायचं ते मोजलं जायचं. आणि दुसरी गोष्ट, जुन्या खुर्च्यांकडे नीट बघा. शेकडो वर्षं माणसं बसत आली आहेत. सगळं नव्याने शोधायची गरज नाही, चांगलं असेल ते घ्या आणि आजच्या घराला बसेल असं करा.

जे-३९ चं मूळ असंच अमेरिकेत सापडतं. तिथल्या शेकर पंथाची माणसं देवाचं काम म्हणून लाकूडकाम करायची, आणि दिखाव्याला त्यांच्याकडे जागा नव्हती. कातलेले गोल पाय, आडव्या पट्ट्यांची पाठ, विणलेली बैठक. मोएन्सनने ती खुर्ची समोर ठेवली आणि कमी करत गेला. पाठीच्या तीन-चार पट्ट्यांऐवजी एकच रुंद फळी, किंचित वाकवलेली. माझ्या खुर्चीचे पाय मी हाताने चाचपले तर मधे थोडे भरदार आणि टोकांकडे निमुळते लागले. लाकूड बीच नावाच्या झाडाचं, डेन्मार्कच्याच रानातलं, म्हणजे तेव्हाही मिळण्याजोगं. आडव्या दांड्यांची टोकं पायांतल्या भोकांत बसवून सरसाने जोडलेली. पाठीची फळी कुठे लागते ते बसल्यावर कळतं. बरोबर कमरेच्या वर, जिथे जेवताना माणूस टेकतो तिथे. वाचत बसायला ही खुर्ची नाही, ही जेवायचीच.

बैठकीचं कोडं मात्र युद्धाने सोडवलं. असल्या खुर्च्या पूर्वी समुद्री गवताच्या दोरीने विणत. युद्धात ते गवत मिळेनासं झालं, तेव्हा जाड तपकिरी कागदाला पीळ देऊन दोरी वळायला सुरुवात झाली. तीन पेडांची, घट्ट. कागद म्हटलं की आपल्याला वाटतं फाटेल, भिजेल. ही दोरी वर्षानुवर्षं टिकते. युद्ध संपलं, गवत परत मिळू लागलं, तरी कागद राहिला तो राहिलाच. आज जगभर डेन्मार्कची म्हणून ओळखली जाणारी खुर्चीची वीण ही टंचाईतून आलेली आहे.

त्याच काळातली एक लहान खुर्ची मला फार आवडते. हान्स वेग्नर मोएन्सनचा जिवलग मित्र, दोघं एकाच वर्षी जन्मलेले आणि कोपनहेगनला बरोबर शिकलेले. मोएन्सनला मुलगा झाला, पीटर. युद्धाचे दिवस, दुकानात बारशाला नेण्यासारखं काही नाही. मग वेग्नरने बाळासाठी खुर्ची केली, चारच तुकड्यांची, हत्याराशिवाय एकमेकांत अडकवायची आणि सोडवायची. वेग्नरने पुढे पाचशेच्या वर खुर्च्या केल्या. त्यांतली १९४९ ची वाय आकाराच्या पाठीची खुर्ची १९५० पासून आजतागायत अखंड बनते आहे आणि तिच्या एका बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते. १९४९ चीच त्याची गोल खुर्ची १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत अमेरिकेने पाहिली आणि डेन्मार्कच्या लाकूडकामाचं नाव घरोघरी गेलं. आर्ने याकोबसेनने १९५२ मध्ये एका औषध कंपनीच्या कँटीनसाठी मुंगीसारख्या बारीक कमरेची तीन पायांची खुर्ची केली. हे सगळं मोठं काम आहे. कोपनहेगनच्या संग्रहालयात मी त्या खुर्च्यांपुढे बराच वेळ उभी राहिले आहे.

पण मन जातं ते जनतेच्या खुर्चीकडेच. गोल खुर्ची एक कसबी माणूस हाताने घासत बसतो आणि ती तशी दिसते, एखाद्या वाद्यासारखी. जे-३९ कारखान्यात संख्येने व्हायची होती, स्वस्त पडायची होती, दोन खोल्यांत मावायची होती आणि तरीही कुठे हात फिरवला तर लाज वाटू नये अशी व्हायची होती. माझ्या मते हे जास्त कठीण. श्रीमंताच्या घरची वस्तू सुंदर करताना पैसा मदतीला असतो. इथे मदतीला होता फक्त विचार. मोएन्सनने १९५० मध्ये एफडीबी सोडली. त्याच्या जागी आलेल्या पॉल वोल्टरने १९५६ मध्ये जे-४६ ही दांड्यांच्या पाठीची खुर्ची केली, आणि ती आठ लाखांहून अधिक विकली गेली. डेन्मार्कमध्ये कुणाच्याही स्वयंपाकघरात गेलात तर या दोघींपैकी एक तरी भेटण्याची शक्यता मोठी.

सागाबद्दल थोडं सांगते. त्या काळातल्या डेन्मार्कच्या महागड्या खुर्च्या पुष्कळदा सागाच्या असतात. आग्नेय आशियातून ओंडके यायचे. इथल्या जुन्या बाजारात तशी खुर्ची दिसली की मी वाकून वास घेते. सांध्याजवळ, जिथे पॉलिश गेलेलं असतं, तिथे तो वास अजून असतो. आमच्या वाड्याच्या माडीच्या तुळयांना यायचा तोच. मग काही वेळ मला काही सुचत नाही. तरी विकत मात्र मी बीचच्याच घेतल्या, कारण त्या परवडल्या.

वीण शिकवली खालच्या मजल्यावरच्या आजींनी. लग्नानंतर काही वर्षं त्या घरी बसून कारखान्याला बैठका विणून द्यायच्या. आता ऐंशी ओलांडली आहे. डॅनिशमध्ये हल्ली सगळेच सगळ्यांना 'डू' म्हणतात, म्हणजे तूच. बोलताना मीही म्हणते, पण मनात त्यांच्याशी अहो-जाहोच चालू असतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात पाहिले आणि आपल्या शिवणाच्या डब्यातून चिकटपट्टी काढून माझ्या दोन्ही तर्जनींना गुंडाळली. कागद बोट कापतो, हे मला तासाभराने कळलं.

कृती सांगायला सोपी आहे. दोरी पुढच्या दांडीवरून खाली, मधून वर, डाव्या दांडीवरून बाहेर, खालून परत मधून वर, मग सरळ समोर उजव्या दांडीकडे. तिथेही तसंच, मग मागच्या कोपऱ्याकडे. असा एक फेरा झाला की चारही कोपऱ्यांत एकेक वळसा पडतो. फेऱ्यामागून फेरे, आणि चारही बाजूंनी चार त्रिकोण वाढत मधे येतात. जुना लिफाफा मागून पाहावा तसं दिसतं. बैठक पुढे थोडी रुंद आणि मागे अरुंद, म्हणून पुढचे दोन कोपरे आधी तुटक दोऱ्यांनी भरून घ्यायचे. गाठी मारायच्या त्या खालच्या बाजूला.

मी पहिल्या खुर्चीचे पंधरा-सोळा फेरे केले आणि खूश होऊन आजींना बोलावलं. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, डोळा बारीक करून कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे काटकोन नाही." खरंच नव्हता. डाव्या कोपऱ्यात वळसे तिरके चालले होते आणि पुढे जाऊन मधली रेघ वाकडी आली असती. मी विचारलं, पुढे सावरता येईल का? त्यांनी नुसती मान हलवली आणि माझ्या हातात दोरीचं टोक दिलं. पंधरा फेरे उसवले. दुसऱ्यांदा त्या शेजारी बसून राहिल्या, दर फेऱ्याला लाकडी ठोकळ्याने वळसे शेजारच्या वळशावर ठोकत. "ओढ. अजून ओढ." एवढंच.

त्या आठवड्यात अण्णांशी व्हिडिओवर बोलताना मी फोन टेबलावर टेकवून विणत होते. अण्णा आधी घरच्या चौकशा करत होते, मग गप्प झाले. म्हणाले, "फोन जरा जवळ ने." मी नेला. "बाळा, तू दोरी उलटी फिरवतेयस. पीळ सुटतोय बघ तिचा." मी पाहिलं. खरंच, प्रत्येक वळशाला दोरी हातात थोडी उलगडत होती, म्हणूनच माझी वीण आजींच्या विणीसारखी टणक दिसत नव्हती. "ओढायच्या आधी पिळाच्या बाजूला एकदा फिरव, मग ओढ. आबा बाज विणताना असंच करायचे. तुला आठवत नसेल."

मला आठवत होतं. उन्हाळ्यात अंगणात बाज आडवी पडलेली, आबा उकिडवे बसलेले, पायाच्या अंगठ्यात सुंभाचं टोक धरलेलं. दर ओढीला मनगट एकदा आतल्या बाजूला वळायचं. ते मनगट मी पाहिलं होतं, पण कशासाठी वळतंय हे कधी विचारलं नव्हतं. आबांच्या बाजेला पायथ्याकडे ताणायची दोरी वेगळी असायची. झोळ पडला की तीच तेवढी आवळायची, बाकी विणीला हात लावायला लागायचा नाही. मी हे आजींना मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमची बाज कधी म्हातारी होत नाही." मी हे अण्णांना कळवलं, तर ते हसले आणि म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, सांग त्यांना." त्याचं डॅनिश मला करता आलं नाही.

त्या दिवसापासून मी मनगट वळवून विणते. चौथ्या खुर्चीची वीण आजींनी बोटाने दाबून पाहिली आणि काहीच बोलल्या नाहीत. मला ती शाबासकी पुष्कळ झाली.

असल्या फिकट लाकडाला इथे पुष्कळदा पॉलिश करत नाहीत. साबण लावतात. धुण्याच्या साबणाचे पांढरे पातळ पापुद्रे मिळतात, ते गरम पाण्यात विरघळवून थंड करायचे. फडक्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने लावायचं, जरा थांबायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं. सुकल्यावर बारीक काचकागद हलकेच फिरवायचा आणि पुन्हा एकदा साबण. बीचचं लाकूड पिवळं न पडता फिकट राहतं, आणि वर्षभराने डाग पडले की पुन्हा धुता येतं. पहिल्यांदा खुर्च्यांना आंघोळ घालताना मला गौरीचे मुखवटे पुसत असल्यासारखं वाटलं. एका खुर्चीच्या पाठीवर कपाएवढा गोल काळा डाग होता. तो धुऊनही फिकट झाला, गेला नाही. कुणीतरी गरम भांडं टेकवलं असेल. मी तो घासून काढला नाही.

याच खुर्च्यांची मोठी बहीण मला कोपनहेगनला भेटली. ग्रुंडटविग चर्चमध्ये. पिवळ्या विटांचं ते प्रचंड चर्च क्लिंटच्या वडिलांनी रचलं, ते १९३० मध्ये गेले आणि मुलाने १९४० मध्ये पुरं केलं. आत जड बाकं नाहीत. क्लिंटने १९३६ च्या सुमारास केलेल्या बीचच्या खुर्च्या आहेत, विणलेल्या बैठकीच्या, ओळींमागून ओळी, शेकडो. छत डोक्यावर कुठल्या कुठे गेलेलं आणि खाली स्वयंपाकघरात शोभावी अशी खुर्ची. मी कडेच्या एका खुर्चीवर बसले आणि सवयीने हात खाली घालून वीण चाचपली. गाठी सापडल्या. ज्याने शर्टाचं माप घ्यायला शिकवलं त्याने देवाच्या घरीही माणसाच्या गुडघ्याचंच माप धरलं होतं.

या जुन्या खुर्च्यांचा आता बाजार झाला आहे. लिलाव होतात, शिक्के तपासतात, मूळ वीण असेल तर भाव वेगळा. माझ्याकडच्या चारही खुर्च्या त्या हिशोबाने उणावल्या असतील, कारण वीण माझी आहे. पण ही खुर्ची करणाऱ्याने दांडी आणि वीण वेगळी ठेवली ती याचसाठी, असं मला ठाम वाटतं. लाकूड साठ-सत्तर वर्षं जगणार, दोरी त्याआधी थकणार, तर दोरी घरच्या घरी बदलता यावी. वाटेल त्याला शिकता यावी. खुर्ची काचेच्या कपाटात गेली की ही वीण पुन्हा कुणी उसवणार नाही आणि ती विणणारे हातही संपतील. आजींच्या डब्यात आता एकच ठोकळा उरला होता. तो त्यांनी मला दिला.

गेल्या जूनमध्ये अण्णा आले. इथे तेव्हा रात्री अकरालाही उजेड असतो, त्यामुळे त्यांची झोपेची आणि जेवणाची वेळ चुकत होती. पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी केली. ज्वारीचं पीठ त्यांनीच बॅगेतून आणलं होतं. टेबलाशी आले, खुर्ची मागे ओढली, उलटी केली आणि खालच्या गाठी पाहिल्या. एक गाठ नखाने टोकरली. सुटली नाही. मग खुर्ची सरळ केली, बसले, थोडे अवघडले, आणि चपला काढून दोन्ही पाय वर घेतले. कोअर क्लिंटने बसण्याची पुष्कळ मापं घेतली असतील, पण मांडीचं घेतलं नसणार. तरी हातांच्या दांड्या नसलेल्या त्या बैठकीवर अण्णांची बारीक मांडी नीट मावली. नव्या कागदाला पहिले काही दिवस आवाज असतो. ते ताटाकडे वाकले तशी खुर्ची खालून कुरकुरली.

"बसेल अजून," अण्णा म्हणाले. "पीळ चांगला धरलायस. कांदा दे."